सांगलीत राहून पहिला अल्बम: स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्यांसाठी

ज्यांच्या वहीत स्वतःचे शब्द आणि स्वतःच्या चाली असलेली दहाबारा गाणी साठली आहेत, जे सांगली, मिरज, तासगाव किंवा विट्यात राहतात आणि ज्यांना नोकरी-व्यवसाय न सोडता त्या गाण्यांचा एक नीटस अल्बम करायचा आहे, अशा गायक-गायिकांसाठी हा लेख आहे. महागडा माईक कोणता घ्यावा, हा प्रश्न नवा माणूस सर्वात आधी विचारतो. माझा अनुभव असा आहे की पहिला अल्बम माईकमुळे क्वचितच बिघडतो. गाणी निवडताना घाई झालेली असते, पट्ट्या आणि लय लिहून ठेवलेली नसते, कोणाचा वाटा किती हे बोलणे संकोचापोटी राहून गेलेले असते, आणि हे सगळे दोष स्टुडिओत पाऊल ठेवण्याआधीचेच असतात. म्हणून पुढे यंत्रांपेक्षा तयारीवर जास्त शब्द खर्च केले आहेत.

मध्येमध्ये एकाच परक्या अल्बमचा दाखला येईल. इंग्लंडची गायिका-गीतकार अ‍ॅडेल हिचा ‘२१’ हा दुसरा स्टुडिओ अल्बम जानेवारी २०११ मध्ये आला. ती गाणी लिहिताना तिचे जे वय होते, तेच त्याचे नाव. अमेरिकेत तो एकूण २४ आठवडे आणि ब्रिटनमध्ये २३ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, जगभरात त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या, आणि २०१२ च्या ग्रॅमी समारंभात तिला एका रात्रीत सहा पुरस्कार मिळाले. एवढे यश आपल्या वाट्याला येईल म्हणून हा दाखला घेतलेला नाही. त्या अल्बममागचे काही निर्णय घरच्या खोलीत गाणे मुद्रित करणाऱ्यालाही जसेच्या तसे लागू पडतात, म्हणून घेतला आहे.

पहिली पायरी: किती गाणी, हे आधी ठरवा

अल्बम हा शब्द फोटोंच्या अल्बमसारख्याच वस्तूवरून आला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत असत, त्यामुळे मोठी रचना विकायची तर अनेक तबकड्या पाकिटांत घालून जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत एकत्र विकाव्या लागत. १९४८ साली एलपी, म्हणजे जास्त वेळ चालणारी लाँग-प्ले तबकडी, आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली आणि चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा अल्बम ही सवय पडली. पुढे कॅसेटने तीच सवय दोन बाजूंत वाटून पुढे नेली.

आज तबकडीही नाही आणि कॅसेटही नाही, म्हणजे मर्यादा घालणारे कोणी उरले नाही. नेमका तिथेच नवखा माणूस चौदा गाणी घेऊन बसतो. माझा सल्ला असा आहे की पहिल्या अल्बमात आठ गाणी आणि तीस-पस्तीस मिनिटे यांपुढे जाऊ नये. ‘२१’ मध्येही मूळ आवृत्तीत अकराच गाणी आहेत, आणि त्यामागे कंपनी, निर्माते, पैसा, सगळे काही उभे होते.

दुसरी पायरी: गाण्यांची कुंडली मांडा

वहीच्या एका पानावर रकाने पाडून प्रत्येक गाण्यापुढे पट्टी, लय, ताल, लांबी आणि पहिली ओळ लिहावी. पट्टी आपल्या नेहमीच्याच भाषेत लिहावी, म्हणजे काळी एक, पांढरी पाच वगैरे. फक्त शेजारी पाश्चात्त्य नावही लिहून ठेवावे, म्हणजे काळी एकला सी शार्प आणि पांढरी पाचला जी, कारण पुढे गिटार किंवा बेस वाजवणारा मुलगा तीच भाषा बोलणार असतो. लय ‘मध्य’ किंवा ‘जरा चढी’ अशी लिहू नये. मोबाइलवरच्या मेट्रोनोममध्ये मिनिटाला किती ठोके पडतात, तो आकडा लिहावा.

हे पान भरून झाले की बहुतेकांना धक्का बसतो. आठांपैकी सहा गाणी एकाच पट्टीत, केरव्यात आणि ऐंशीच्या आसपासच्या लयीत असल्याचे तेव्हा प्रथम दिसते. आपण स्वतः ती गाणी वेगवेगळ्या वर्षांत, वेगवेगळ्या कारणांनी रचलेली असतात, म्हणून ती आपल्याला वेगळी वाटतात. ऐकणाऱ्याला मात्र ते एकच लांबलेले गाणे वाटते. अशा वेळी दोन गाणी दादऱ्यात बसतात का ते पाहावे, एखाद्याची पट्टी दोन स्वरांनी खाली आणून आवाजाचा वेगळा पोत मिळतो का ते पाहावे, आणि तरीही जे गाणे दुसऱ्या गाण्याची सावली वाटेल ते निर्दयपणे बाजूला ठेवावे.

मग उरलेली गाणी नुसत्या पेटीवर किंवा नुसत्या गिटारवर तीन माणसांना म्हणून दाखवावीत. त्यांतला एक तरी संगीताशी संबंध नसलेला असावा. तो माणूस कोणत्या गाण्यात मोबाइलकडे बघतो, तेवढेच टिपावे. त्याचे मत विचारू नये, कारण ओळखीचा माणूस ‘छान आहे’ यापलीकडे काही सांगत नाही. आमच्या भागात आणखी एक गोष्ट आडवी येते. १८४३ साली ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या गावाच्या कानात नाट्यपद मुरलेले आहे, त्यामुळे तीन मिनिटांच्या साध्या गाण्यातही अंतऱ्याला पोहोचण्याआधी आलाप घ्यावासा वाटतो. आलाप चांगलाच असतो, पण तो कोणत्या एका गाण्यात घ्यायचा हे आधी ठरवावे आणि बाकीच्या सातांत हात आवरावा.

शब्दांबाबतही एक सांगायचे आहे. गाणे मुद्रित होणार म्हटल्यावर पुष्कळ जण ‘लई’चे ‘खूप’ करतात आणि ‘कुठं निघालायसा’चे ‘कुठे निघालात’ करतात. चाल ज्या शब्दांवर जन्मली, ते शब्द बदलले की मात्रा हलतात आणि ओळ लंगडते. कृष्णाकाठची बोली गाण्यात आली असेल तर ती तशीच राहू द्यावी.

तिसरी पायरी: कच्चे ध्वनिमुद्रण जपा

प्रत्येक गाणे चाल सुचली त्या आठवड्यातच मोबाइलवर एकदा पूर्ण म्हणून ठेवावे आणि ते कधीही पुसू नये. यालाच स्टुडिओत डेमो किंवा स्क्रॅच म्हणतात. पक्के मुद्रण करताना तो डेमो दर वेळी आधी ऐकावा. शब्दांची फेक, श्वासाची जागा आणि नकळत घेतलेली एखादी हरकत त्यात जशी उतरलेली असते, तशी ती सहा महिन्यांनी शिस्तीत गाताना उतरतेच असे नाही.

‘२१’ची कथा इथे उपयोगी आहे. त्यातील काही गाणी अमेरिकेतील अतिशय नावाजलेले निर्माते रिक रुबिन यांच्याबरोबर वाद्यवृंद घेऊन नव्याने मुद्रित झाली होती, पण अंतिम अल्बम ठरताना त्यांतल्या काहींऐवजी आधीच्या निर्मात्यांबरोबर केलेली मूळ रूपे निवडली गेली. अल्बमच्या पहिल्या गाण्यात ऐकू येणारा तिचा आवाज हा डेमोसाठी गायलेला आवाजच आहे. शेवटचे गाणे तर फक्त पियानो आणि गळा एवढ्यावर उभे आहे. डॅन विल्सन या सह-गीतकाराबरोबर ते रचताना जे कच्चे मुद्रण झाले, तेच जवळपास तसेच्या तसे ठेवण्यात आले. जगातील कोणताही स्टुडिओ परवडत असताना घेतलेले हे निर्णय आहेत. यावरून मोबाइलचे मुद्रण थेट प्रसिद्ध करावे असा अर्थ कोणी काढू नये, कारण तिचा डेमोही चांगल्या माईकवरच झाला होता. अर्थ एवढाच की शक्य असेल तेव्हा डेमोसुद्धा बऱ्या माईकवर, बऱ्या खोलीत करावा. पुढे तोच उपयोगी पडण्याची शक्यता बरीच असते.

चौथी पायरी: वाटा आणि हक्क कागदावर आणा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि ती वगळली जाते. एका गाण्यात भारतीय कायद्याने तीन स्वतंत्र हक्क असतात. शब्द हे साहित्यकृती म्हणून गीतकाराचे, चाल ही संगीतकृती म्हणून संगीतकाराची, आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण हे त्याच्या निर्मात्याचे, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन त्याची जबाबदारी उचलली त्याचे. गाणाऱ्याचे आणि वाजवणाऱ्याचे कलाकार म्हणून हक्क त्यांखेरीज असतात. आपण स्वतः लिहितो, चाल लावतो, गातो आणि खर्चही करतो, तेव्हा हे सगळे आपल्याकडेच असते, असे वाटते. पण दुसऱ्या कडव्यातील दोन ओळी मित्राने सुचवल्या असतील, किंवा वाद्यांची मांडणी करणाऱ्या संगीत-संयोजकाने मुखड्याची चालच बदलली असेल, तर चित्र बदलते. त्या दिवशीच, चहाच्या टेबलावर, एका कागदावर ‘शब्द: अमुक ऐंशी टक्के, तमुक वीस टक्के’ असे लिहून दोघांनी सही करावी. गाणे चालल्यावर हा विषय काढला की मैत्री जाते.

ज्या वादकांना मानधन देऊन बोलावले, त्यांच्याकडूनही मानधन मिळाल्याची आणि मुद्रण प्रसिद्ध करण्यास संमती असल्याची दोन ओळींची लेखी नोंद घ्यावी. मानधन मात्र त्याच दिवशी द्यावे.

दुसऱ्या कवीचे शब्द घ्यायचे असतील तर तारखा पाहाव्यात. आपल्याकडे शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. सातारा जिल्ह्यातील मर्ढे हे ज्यांचे मूळ गाव, ते बा. सी. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितांवरील मुदत २०१६ अखेर संपली. आटपाडी तालुक्यातले गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत जिवंत आहे, आणि ‘आमच्याच जिल्ह्यातले’ एवढ्या कारणाने परवानगीतून सूट मिळत नाही. तुकोबांचा अभंग घ्यायला कोणाचीच परवानगी लागत नाही, पण त्या अभंगाला एखाद्या आधुनिक संगीतकाराने लावलेली चाल घ्यायची असेल तर ती चाल त्या संगीतकाराची असते. ही चूक भजनी मंडळांतून आलेल्या गायकांकडून फार होते. ‘२१’ मध्येही अकरापैकी एक गाणे दुसऱ्या बँडचे आहे, आणि त्याचे श्रेय त्यांच्याच नावावर आहे.

नोंदणीबाबत गैरसमज बरेच आहेत. हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणीची गरज नाही; कृती मूर्त स्वरूपात आली की तो आपोआप मिळतो. मात्र वाद झाल्यास पुरावा म्हणून नोंदणी उपयोगी पडते. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर चौदा क्रमांकाचा अर्ज भरून ती करता येते; शब्द किंवा चालीच्या प्रत्येक कृतीला ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये शुल्क आहे, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. आठही गाण्यांसाठी हे सगळे करणे पहिल्या वेळी झेपत नसेल तर निदान ज्या दोन गाण्यांवर भिस्त आहे, तेवढ्यांचे करावे.

आणि कोणी संगीत कंपनी स्वतःहून आली तर? मला एकदा एक पानी करार आला होता, त्यात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात’ असे शब्द होते आणि रकमेची जागा मोकळी होती. अशा कागदावर सही करण्याआधी दोन गोष्टी माहीत असाव्यात. हक्क देताना मुदत आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर कायदा तो पाच वर्षांपुरता आणि भारतापुरताच मानतो. म्हणूनच समोरचा माणूस ‘कायमस्वरूपी’ हा शब्द आठवणीने घालतो. दुसरी गोष्ट अशी की २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार आपल्या गाण्याच्या वापरापोटी मिळणाऱ्या मानधनातील, म्हणजे रॉयल्टीतील, समान वाटा सोडूनच देऊ शकत नाहीत. तो फक्त वारसाला किंवा हक्कवसुली संस्थेला देता येतो. अशी गीतकार-संगीतकारांची संस्था म्हणजे १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. अल्बम येण्याआधी तिचे सभासदत्व घेऊन प्रत्येक गाण्याची टक्केवारीसह नोंद करावी. वर सांगितलेला चहाच्या टेबलावरचा कागद इथे लागतो.

पाचवी पायरी: हंगाम, खोली आणि पेटी

घरी मुद्रण करणार असाल तर आधी पंचांग पाहा, असे मी गमतीने सांगतो, पण ते खरेच आहे. पावसाळ्यात दमट हवेने तबल्याची पुडी उतरते आणि नदीकाठच्या भागात रात्रभर बेडकांची साथ असते. गणपतीच्या आधीचा महिना ढोल-ताशांच्या सरावाचा. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावरचे घर असेल तर मोठमोठ्याने गाणी लावलेला ट्रॅक्टर कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि लग्नसराईबद्दल तर बोलायलाच नको. मला स्वतःला हिवाळ्यातील रात्री अकरानंतरचा वेळ मानवला आहे. हवा कोरडी असते आणि पंखा बंद ठेवता येतो.

खोली रिकामी आणि चौकोनी नसावी. उघड्या फरशीची, उघड्या भिंतींची खोली आवाजाला बादलीत गायल्यासारखा घुमारा देते आणि तो पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट गायकाच्या पाठीमागे ठेवावे, दोन गाद्या बाजूच्या भिंतींना टेकवून उभ्या कराव्यात, खाली सतरंजी घालावी. टाळी वाजवून पाहावी. टाळी टचकन मेली की खोली तयार झाली. माईक तोंडापासून एक वीत अंतरावर, किंचित तिरका धरावा आणि मध्ये जाळी ठेवावी, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांचा वारा थेट आत जात नाही. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टचा वीजपुरवठा इंटरफेसमधून, म्हणजे माईक आणि संगणक जोडणाऱ्या पेटीवजा यंत्रातून, द्यावा लागतो, तो सुरू करायला विसरून ‘माईक खराब निघाला’ म्हणणारे बरेच भेटतात. मुद्रण २४ बिटमध्ये करावे आणि सर्वात मोठ्या स्वरालाही आवाजाची पातळी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. चढलेला, फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. हळू मुद्रित झालेला मात्र नंतर वाढवता येतो.

आता पेटीची गोष्ट. आमच्या घरी आजोबांच्या काळातली पेटी आहे आणि तिचा नाद मला फार प्रिय असल्यामुळे पहिल्या अल्बमची चार गाणी मी तिच्यावरच, गळ्यासकट, मुद्रित करून टाकली. पंधरा दिवसांनी बेस गिटार वाजवणारा मुलगा आला, त्याने आपले वाद्य ट्यूनरवर लावून पहिली तार छेडली आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. आधी त्याचे वाद्य उतरले असेल असे वाटले, मग केबलचा दोष वाटला. शेवटी पेटीची पांढरी सहा दाबून ट्यूनर तिच्यासमोर धरला. आजची बहुतेक वाद्ये आणि सगळे कीबोर्ड ज्या स्वराला ४४० हर्ट्झ धरतात, तो आमच्या पेटीत ४४६ होता. एका पट्टीपासून दुसऱ्या पट्टीपर्यंतच्या अंतराचा हा साधारण पाव भाग झाला. एकट्या पेटीबरोबर गाताना तो कधीच कळत नाही, पण दुसरे वाद्य आले की दात आंबतात तसे होते. सॉफ्टवेअरने चारही गाणी खाली ओढून पाहिली, तेव्हा माझा आवाज सर्दी झाल्यासारखा ऐकू येऊ लागला. चारही गाणी पुन्हा गावी लागली.

म्हणून मुद्रणाच्या पहिल्या दिवशी, पहिला स्वर लावण्याआधी, पेटी ट्यूनरवर तपासावी. स्वर वेगळा आला तर दोनच वाटा आहेत: पेटी कारागिराकडून लावून घ्यावी, किंवा बाकी सर्वांना तिच्या आकड्यावर वाद्ये लावायला सांगावे. गिटार आणि कीबोर्ड दोन्ही त्या आकड्यावर नेता येतात, पण ते आधी सांगावे लागते.

तानपुरा हवा असेल तर मोबाइलमधला न वापरता खरा वापरावा, असे मी आग्रहाने सांगेन, निदान या जिल्ह्यात राहणाऱ्याने तरी. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांपासून ही वाद्ये घडवणारी घराणी सतारमेकर गल्लीत आजही काम करतात, आणि तिथून तानपुरा भाड्याने किंवा ओळखीने मिळू शकतो. तानपुरा मुद्रित करण्याआधी त्याची जवारी नीट असावी. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा असतो, तो केसभर मागेपुढे सरकवला की तार एकदम उघडते आणि एका तारेतून आणखी कितीतरी स्वर झणझणू लागतात. त्याच्या अलीकडे-पलीकडे ती मुकी होते. हे स्वतःला जमत नसेल तर जमणाऱ्या माणसाला सोबत आणावे. माईक भोपळ्यासमोर न धरता घोडीच्या बाजूला हातभर अंतरावर ठेवावा, नाहीतर नुसती घूं घूं येते. पाच मिनिटे सलग वाजवून ती एकदाच मुद्रित करावी, म्हणजे त्या पट्टीतल्या सगळ्या गाण्यांना पुरते.

लय धरण्यासाठी कानात क्लिक, म्हणजे मेट्रोनोमचा ठोका, लावून गावे की न लावता, यावर वाद आहेत. माझे मत असे की तबला-ढोलकीबरोबर समोरासमोर बसून, एकाच वेळी वाजवून मुद्रण करणार असाल तर क्लिकची गरज नाही; पण वाद्ये एकेक करून वेगवेगळ्या दिवशी भरणार असाल तर क्लिकशिवाय सुरुवातही करू नये.

सहावी पायरी: मिक्सिंग आणि मास्टरिंग

मिक्सिंग म्हणजे गळा आणि सगळी वाद्ये समतोल साधून एकत्र करणे, आणि मास्टरिंग म्हणजे त्या मिश्रणावरचा शेवटचा हात. इथे पैसे खर्च करावेत. स्वतःच्या आवाजाबद्दल माणूस एकतर हळवा असतो किंवा लाजरा, त्यामुळे स्वतः मिक्सिंग केले की गळा फार पुढे तरी येतो किंवा वाद्यांत बुडतो तरी. दुसऱ्याला द्यावे आणि देताना प्रत्येक वाद्याची फाइल वेगळी, एकाच बिंदूपासून सुरू होणारी, नाव घालून द्यावी. तयार मिश्रण हेडफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर आणि एखाद्या गाडीत ऐकावे. मोबाइलवर शब्द कळत नसतील तर ते परत पाठवावे, कारण आपला श्रोता तिथेच ऐकणार आहे.

‘आमचे गाणे इतरांपेक्षा मोठ्याने वाजले पाहिजे’ असा हट्ट धरू नये. स्पॉटिफायसारख्या इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवा सर्व गाणी एका सरासरी पातळीवर आणून वाजवतात. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) आहे. त्याहून दाबून मोठे केलेले गाणे तिथे खाली आणले जाते, आणि दाबण्यात गेलेला जीव मात्र परत येत नाही.

सातवी पायरी: क्रम

क्रम ठरवण्यासाठी वहीतले ते रकान्यांचे पान पुन्हा काढावे. एकाच पट्टीची दोन गाणी शेजारी ठेवू नयेत, आणि दोन गाण्यांमधली शांतता किती सेकंदांची हेही कानाने ठरवावे. संथ गाण्यानंतर ती जरा जास्त लागते. ‘२१’ची सुरुवात पायाने ठेका धरायला लावणाऱ्या गाण्याने होते आणि शेवट एकट्या पियानोने, आणि शेवटच्या गाण्याचे एकटेपण आधीच्या दहा गाण्यांमुळेच जाणवते. याच गायिकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘३०’ हा चौथा अल्बम आणताना विनंती केली, म्हणून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरील गाणी उलटसुलट क्रमाने वाजवण्याचे मुख्य बटण काढून गाणी क्रमाने वाजण्याची व्यवस्था केली. आपली विनंती कोणी ऐकण्याआधीच ती सोय झालेली आहे, तिचा फायदा घ्यावा.

एक व्यवहारही पाहावा: श्रोत्याने तीस सेकंदांच्या आत गाणे सोडले तर ते ऐकले असे धरले जात नाही. त्यामुळे पहिल्या गाण्याला पाऊण मिनिटाचे वाद्यसंगीत जोडू नये.

आठवी पायरी: गाणी बाहेर पाठवणे

गायकाला या सेवांवर गाणी थेट चढवता येत नाहीत, मध्ये वितरक लागतो. काही वितरक दरवर्षी वर्गणी घेतात आणि ती थांबली की गाणी उतरू शकतात. काही एकदाच शुल्क घेतात आणि मिळकतीतून टक्केवारी कापतात. नियमित गाणी काढणार असाल तर पहिला प्रकार, एकच अल्बम करून थांबणार असाल तर दुसरा प्रकार परवडतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला त्याची ओळख पटवणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक लागतो, तो बहुतेक वितरक स्वतःच देतात. तो लिहून ठेवावा, कारण वितरक बदलताना तोच क्रमांक दिला तरच जुने आकडे सोबत येतात.

मुखपृष्ठाचे चित्र चौरस, ३००० गुणिले ३००० पिक्सेलचे असावे, आणि त्यावर फोन नंबर किंवा संकेतस्थळाचा पत्ता छापू नये. तसे चित्र परत येते. स्वतःच्या नावाचे स्पेलिंग मात्र पहिल्याच वेळी कायमचे ठरवावे. माझे पहिले गाणे माझ्याच नावाच्या, पंजाबी गाणी गाणाऱ्या एका गृहस्थांच्या पानावर जाऊन बसले होते आणि ते परत आणायला तीन आठवडे पत्रव्यवहार करावा लागला. नाव सर्वसाधारण असेल तर मधले नाव किंवा गावाचे नाव जोडावे.

प्रकाशनाची तारीख फाइल पाठवल्यापासून किमान चार आठवडे पुढची ठेवावी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे अल्बममधले एक अप्रकाशित गाणे विचारार्थ पाठवता येते, पण ते निदान सात दिवस आधी पाठवावे लागते. घाईघाईने ‘आजच टाकू’ म्हणणाऱ्याची ही संधी जाते.

नववी पायरी: मिळकतीचा हिशेब आणि गाव

अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना गोल्ड, प्लॅटिनम असे दर्जे देताना १,५०० वेळा ऐकली गेलेली गाणी म्हणजे एका अल्बमची विक्री, असे धरते. आपला आठ गाण्यांचा अल्बम पूर्ण ऐकणारे जवळपास १९० श्रोते मिळाले की त्या हिशेबाने एक अल्बम विकला गेला. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला आधीच्या बारा महिन्यांत १,००० श्रवणे मिळाली नाहीत, त्याला मुद्रणाच्या हक्कापोटी काहीच मिळत नाही. हे आकडे निराश करण्यासाठी सांगितलेले नाहीत. खर्चाची वसुली तिथून होईल असे गृहीत धरून कर्ज काढू नये, एवढ्यासाठी सांगितले आहेत.

पैसे आणि श्रोते दोन्ही आधी जवळच मिळतात. आठ गाणी सलग, मध्ये थोडे निवेदन करून पाऊण तासात म्हणून दाखवता आली की तो एक कार्यक्रम होतो, आणि भावे नाट्यमंदिर भरवण्याचा विचार करण्याआधी तो वाचनालयाच्या सभागृहात, महाविद्यालयात, सोसायटीच्या गच्चीवर करून पाहता येतो. आकाशवाणीचे सांगली केंद्र आपल्या दारात आहे; सुगम संगीताची स्वरचाचणी उत्तीर्ण झाल्यास तिथे गाता येते. कार्यक्रमाच्या दारात अल्बम ऐकण्यासाठीचा क्यूआर कोड छापलेला कागद ठेवावा, पण त्याबरोबर गाण्यांचे शब्द छापलेली लहान पुस्तिकाही नाममात्र किमतीत ठेवावी. माझ्या कार्यक्रमांत कोडपेक्षा पुस्तिकाच जास्त उचलली गेली आहे.

शेवटी एक काम उरते आणि ते अल्बम बाहेर पडला त्याच आठवड्यात करावे. सर्व मूळ फाइल, वेगवेगळ्या वाद्यांच्या, अंतिम मिश्रणाच्या आणि मोबाइलवरच्या पहिल्या डेमोंच्याही, तीन ठिकाणी ठेवाव्यात, त्यांतले एक ठिकाण दुसऱ्या घरात असावे; २०१९ च्या महापुरात ज्यांची तळमजल्यावरची घरे पाण्यात गेली त्यांना याचे कारण सांगावे लागत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये पट्टी, लयीचा आकडा, आयएसआरसी क्रमांक, सह्या केलेल्या कागदांचे फोटो आणि मुद्रणाच्या वेळी वाद्ये कोणत्या हर्ट्झवर लावली होती तो आकडा लिहिलेली एक साधी मजकुराची फाइल असावी, कारण पाच वर्षांनी कोणी त्याच गाण्यावर बासरी भरायची म्हटले तर पहिला प्रश्न तोच येतो. आमच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आता खडूने मोठ्या अक्षरांत ४४६ असे लिहिलेले आहे.